उपरण्याखालची परीक्षा

आपण जागे आहोत हे सिद्ध करण्यासाठी धडधाकट माणसाला दिवसातून अनेक वेळा स्वतःचे नाक दाबून पाहावे लागेल, असा काळ येणार आहे, हे आपल्या पूर्वजांना कोणी सांगितले असते तर त्यांनी त्या सांगणाऱ्याचेच नाक कापून हातात दिले असते. परंतु तो काळ आला. त्या काळी माणदेशातील एका गुरांच्या बाजारात महालिंग विभूते नावाचा एक नामांकित दलाल होता. त्याने यंत्राच्या साहाय्याने स्वप्नावर स्वामित्व कसे मिळवले, आणि एक कृती तुच्छ मानून टाळल्यामुळे एकुलत्या एका कन्येच्या लग्नमंडपातील आपली जागा कशी गमावली, याचे साद्यंत निवेदन मी आता करणार आहे. वाचकांनी ते स्वस्थ चित्ताने, आणि शक्यतो नाकाला हात न लावता वाचावे, ही प्रार्थना.

त्या यंत्राचे नाव होते 'जागल्या'. गाव झोपल्यावर काठी आपटीत जो एक माणूस जागा राहत असे, त्याला जुने लोक जागल्या म्हणत. यंत्र बनवणाऱ्यांनी ते नाव उचलले आणि काठी आपटणाऱ्याची आठवणही ठेवली नाही. चिंचोक्याएवढी ती वस्तू कानामागे चिकटवावयाची असे. त्यामागील शास्त्र थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे.

निद्रेचा एक टप्पा असा असतो की त्यात मिटल्या पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे भराभर फिरतात. स्वप्ने बहुतांशी याच टप्प्यात पडतात. त्या वेळी मेंदूचा चित्रे रंगवणारा भाग जागा असतो. परंतु 'हे खरे का खोटे' असे विचारणारा कपाळामागील भाग मात्र पेंगत असतो. म्हणून रेडा आकाशात उडाला तरी झोपलेला माणूस त्याला नमस्कार करून पुढे जातो. तथापि जी सवय दिवसा अंगी मुरते तीच स्वप्नातही उगवते. यास्तव जागल्या दिवसा अवचित थरथरे, आणि थरथरला की माणसाने दोन परीक्षा करावयाच्या. पहिली, हाताची बोटे मोजणे. कारण स्वप्नातला हात मेंदू आठवणीतून काढतो, आणि ते चित्र अडाण्याने काढल्यासारखे असते, बोटे सहा होतात, सात होतात. दुसरी, तोंड मिटून, नाक दाबून श्वास घेणे. कारण स्वप्नातले नाक दाबले तरी उशीवरचे खरे नाक मोकळे असते आणि श्वास सुखाने आत जातो. स्वप्न सुरू झाले की जागल्या तसाच थरथरे. झोपलेला माणूस सवयीने परीक्षा करी, स्वप्न ओळखी, आणि त्या राज्याचा राजा होई.

पुढे त्यात सुधारणा झाली. मंद विद्युत्प्रवाहाने स्वप्न इतके स्वच्छ होऊ लागले की अंगणातले शेण आणि स्वप्नातले शेण यांच्या वासातही फरक राहिला नाही. त्यामुळे परीक्षेवाचून दुसरा आधारच उरला नाही. 'दोन्ही परीक्षा एकमेकींशी जुळल्याखेरीज निर्णय करू नये' अशी सूचना डबीवर ठळक छापलेली होती. डबीवरचे ठळक अक्षर वाचण्याची आपल्याकडे परंपरा नाही, हे वाचकांस ठाऊक आहेच.

लोकांनी त्या विद्येचे जे करायचे तेच केले. दुचाकीवरून जाताना देऊळ दिसले की जसा एक हात छातीला आणि ओठांना लावून आपण देवाची बोळवण करतो, तशी ही नाके दाबली जाऊ लागली. मास्तर फळ्यापाशी नाक दाबीत, सरपंच भाषणात नाक दाबीत, नवरदेव अंतरपाटाआड नाक दाबीत. साऱ्या मुलखाला एकाच वेळी दुर्गंधी आल्याचा भास होई. आणि एवढे करून स्वप्नात जागे होऊन ते करीत काय? कोणी बासुंदी पीत, कोणी मंत्री होऊन लाल गाडीतून फिरत. हाती राज्य आले आणि त्यांनी त्यात चहाची टपरी टाकली!

महालिंगाला या लोकांची शिसारी येई.

"का रं बापू," भर बाजारात त्याने बापू खांडेकर नावाच्या आपल्या जोडीदार दलालाला हटकले, "बैलाचा वास सोसंना व्हय आता?"

"न्हाय अण्णा, जागल्या थरथरला. जागा हाय का बघतोय."

"मग काय ठरलं?"

"श्वास कोंडला. म्हंजे जागा हाय."

"उभा जलम झोपंत काढलास आन आज बाजारात ईऊन जागा झालास? बैलाला तरी इच्यार, त्याला पटतंय का!"

महालिंगाचा धंदा हाताचा होता. त्या काळी प्रत्येक खिलार बैलाच्या कानात चकती असे आणि ती त्याच्या कित्येक पिढ्यांची वंशावळ बोलून दाखवी; तरीही सौदा मात्र उपरण्याखालीच होत असे. एकाने उपरणे पसरायचे, दोघांनी हात खाली घालायचे, आणि बोटे दाबून भाव सांगायचा, वर मात्र दोघांचे चेहरे दगडाचे. या मौनात महालिंगाचे आयुष्य गेले होते. समोरचा मूर्ख आहे, लबाड आहे, त्याचा बैल म्हणजे चार पायांवर उभे केलेले पोते आहे, हे सर्व त्याला दिसे आणि सर्व गिळावे लागे. गिळलेले कोठेतरी निघणारच. तो झोपेत दात खाऊ लागला.

त्याची कन्या नीलांबिका पशुवैद्य होती. तालुक्याच्या गावी सरकारी खोलीत राही आणि रविवारी घरी येई. तिनेच एके दिवशी डबी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"अण्णा, हे लावा. तुम्ही झोपेत दात खाता. आईला झोप लागत नाही."

"दिवसा खायची सोय न्हाय, म्हणून रात्री खातो."

"म्हणूनच आणलंय. स्वप्नात जागं राहायला शिका, म्हणजे भांडण तिथंच मिटवता येईल. पण दोन्ही परीक्षा करायच्या. बोटंही मोजायची आणि नाकही दाबायचं."

"नाक?" महालिंग म्हणाला, "नीले, नाक दाबायचं काम शेंबड्यांचं. माझी बोटं बास हायत. या बोटांवर अख्खा बाजार चालतोय."

"बोटं चुकू शकतात, अण्णा."

"तुझ्या डाक्टरांची चुकत असतील."

अशा प्रकारे महालिंगाने यंत्र घेतले आणि त्याची अर्धी विद्या घेतली. वर त्या अर्ध्या विद्येलाही त्याने आपल्या धंद्याची मुरड घातली. जागल्या थरथरे तेव्हा बहुधा त्याचा उजवा हात उपरण्याखाली गुंतलेला आणि डाव्यात बैलाचा कासरा असे. मग स्वतःची बोटे मोजायची कशी? तो समोरच्याची मोजू लागला. स्वप्नात आपलाच हात बिघडतो असे थोडेच आहे, साऱ्यांचेच बिघडतात. शिवाय डोळ्यांपेक्षा स्पर्शावर त्याचा विश्वास अधिक. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक ओझरता दाब, की परीक्षा झाली. कोणास कळतही नसे.

आणि एके रात्री ती फळास आली. स्वप्नातील बाजारात कोणा गिऱ्हाइकाचा हात त्याच्या हाती होता. कानामागे थरथर झाली. त्याने दाब दिला, तो करंगळीच्या पुढे आणखी एक बोट लागले. त्याच्या पुढेही एक. भेंड्यांची जुडीच जणू! महालिंगाने ओळखले. त्याने उपरणे हिसडले आणि आयुष्यात प्रथमच बाजाराच्या मधोमध तोंड उघडले. बापूला तो बोलला, सरपंचाला बोलला, मेव्हण्याला बोलला. शिव्या संपल्यावर त्याने हात वर करून आज्ञा केली, "व्हा मेंढ्या!" आणि तो सारा बाजार, फेट्यांसह आणि चपलांसह, मेंढ्या झाला.

त्या दिवसापासून महालिंग निवळला. त्याचे दात थांबले. बाजारात तो गोड हसू लागला, वाकून नमस्कार करू लागला, बापूला 'बापूराव' म्हणू लागला. लोक म्हणाले, अण्णांना वैराग्य आले. ते वैराग्य कसले! गढूळ पाण्याचा माठ हलवला नाही की वरचे पाणी नितळ दिसते, आणि तळाशी गाळ बसून राहतो. दिवसभर ज्याच्यापुढे वाकायचे त्याला झोपेत मेंढी करून हाकायचे, असा त्याचा परिपाठ झाला. दुसऱ्याच्या नाक दाबण्याला हसणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या राज्यात काय उभारले? एक कोंडवाडा.

एकट्या बायकोला, शैलजेला, तेवढा संशय आला होता. भाकरी वाढता वाढता ती एकदा म्हणाली, "आवं, माणसाकडं असं काय बघताय, खुरं शोधल्यावानी?"

महालिंग गोड हसला. त्या रात्री तीही मेंढी झाली.

यानंतर नीलेचे लग्न जुळले. म्हणजे तिचे तिनेच जुळवले. मुलगा विश्वेश कोरे तिच्याच खात्यात होता. त्याची आई लहानपणीच गेली होती. बाप सिद्रामप्पा पलीकडच्या तालुक्यात खिलार बैल पाळी आणि त्यानेच मुलाला वाढवले होते. मंडळी बैठकीला यायची होती. आदल्या रविवारी नीला बापासमोर येऊन बसली.

"अण्णा, मला तुमच्याकडून काही नको. एकच करा. विश्वेशच्या अप्पांशी नीट बोला."

"मी वंगाळ कुणाशी बोलतोय अलीकडं? इच्यार गावाला."

"तोंडानं नाही बोलत. पण कधीतरी बोलाल, याची मला भीती वाटते. विश्वेशला त्यांच्याशिवाय कोणी नाही. त्यांचा अपमान झाला, तर मी लग्न त्यांच्याच अंगणात करीन, आणि त्या मंडपात तुम्हांला बोलावणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

महालिंगाला तिचे बालपण आठवले. या पोरीने लहानपणी वासराच्या गळ्यात गळा घालून त्याच्या मांडीवर झोपा काढल्या होत्या. सगळ्या जगाला मेंढी करून झाले, परंतु तिला मात्र त्याने कधी केले नव्हते.

"बोलंन नीट," तो म्हणाला. खरोखरच मनापासून म्हणाला.

"आणि अप्पांच्या हाताबद्दल एक सांगायचं होतं—"

"थांब, थांब! हाताबद्दल तू मला सांगणार?" महालिंग खदखदा हसला. "आगं, हात हातात आला की त्या माणसाची बारा गावची कुंडली सांगतो मी. तू बैलांची नाडी बघ जा."

नीला उठून गेली. मागितलेले वचन मिळाले होते. उरलेले सांगण्याचा तिला कंटाळा आला असावा. वडिलांनी मुलांचे वाक्य अर्ध्यावर तोडण्याचे फळ काय असते, हे आपल्या समाजाने अद्याप हिशेबात धरलेले नाही.

पुढील आठवडाभर महालिंगाने झोपेत त्या बैठकीची तालीम केली. रोज स्वप्नात सोप्यावर तेच जाजम, तेच पाहुणे, विधी सांगणारा तोच जंगमस्वामी. त्याचा हेतू नीट बोलण्याचा सराव करण्याचा होता. परंतु दोन गोड वाक्ये झाली की सहावे बोट हाताला लागे, आपले राज्य आठवे, आणि बैठकीचा शेवट मेंढ्यांतच होई. सरावाने सवय मुरते हे शास्त्र वर सांगितलेच आहे. कशाची मुरते, एवढेच पाहायचे असते.

बैठकीच्या दिवशी दुपारी जेवून तो आडवा झाला होता. शैलजेने येऊन त्याला हलवले.

"उठा, पावणं आलं."

तो तोंडावर पाणी मारून सोप्यावर आला. तेच जाजम, तेच पाहुणे. स्वामींनी भस्म लावले, मंत्र म्हटले. सिद्रामप्पा शालीत उजवा हात लपेटून शांत बसला होता. महालिंगाने मनात म्हटले, या उन्हाळ्यात शाल! तरीही तो नीट बोलला. पाऊसपाणी विचारले, बैलांचे कौतुक केले. दाराशी उभ्या असलेल्या नीलेच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

मग तिथीची वेळ आली. त्या भागातल्या दलालांच्या घरी असा रिवाज होता की लग्नाची तिथी तोंडाने बोलायची नाही. मुलीकडचा एक आणि मुलाकडचा एक, अशा दोघांनी उपरण्याखाली हात जुळवायचे, आधी महिन्याची बोटे दाबायची, मग तिथीची. ठरलेली तिथी त्या दोघांच्याच पोटात राहावयाची, आणि ज्यांना मंडपात बोलवायचे त्यांनाच ती पुढे कळावयाची, म्हणजे दृष्ट लागत नाही. स्वामींनी उपरणे पसरले. सिद्रामप्पाने शालीतून हात काढून अलगद त्याखाली घातला.

नेमका त्याच क्षणी महालिंगाच्या कानामागे जागल्या थरथरला.

त्याची बोटे आपोआप फिरली. अंगठा. तर्जनी. मधले. अनामिका. करंगळी. आणि करंगळीच्या अंगाला, नखासहित, उबदार असे आणखी एक बोट.

महालिंगाला हसू फुटले. असे आहे तर! अजून आपण खाटेवरच आहोत. मोठ्या सुटकेने त्याने पाय पसरले. आता नाक तेवढे दाबायचे राहिले होते. परंतु राजाने काय शेंबड्यासारखे नाक चिमटीत धरावयाचे? त्याने उपरणे हिसडून बाजूला फेकले.

"पुरं झालं गोड बोलणं!" तो म्हणाला. "सिद्राम्या, तुझी बैलं म्हंजे वशिंड लावलेली गाढवं हायत, आन तू त्यांच्यातलं थोरलं. बायको नसलेल्या घरात वाढलेलं पोरगं ते, कासऱ्यावाचून वाढलेलं खोंड, आन ते माझ्या दावणीला बांधायला आणलंयस? आन हे स्वामी! मंतर इसरला की जोरात घंटी वाजवतोय, म्हाईत हाय मला. आन तू, शैले, तू तर उभ्या जल्मात येक वाक्य धड बोलली न्हाईस. तुमची कुणाची लायकी न्हाय माझ्या म्होरं बसायची!"

त्याने हात वर केला.

"व्हा मेंढ्या!"

छताचा पंखा फिरत होता. स्वामींच्या हातातली विभूतीची वडी तशीच राहिली होती.

"व्हा म्हंतो ना! मेंढ्या व्हा!"

कोणीही मेंढी झाले नाही. विश्वेश मान खाली घालून जाजमाची दशी ओढीत होता. माणसे माणसेच राहून त्याच्याकडे पाहत होती, आणि असे पाहणे महालिंगाच्या राज्यात कधी घडले नव्हते.

मग दाराशी उभी असलेली नीला अगदी हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, नाक दाबा."

त्याने दाबले. सर्वांदेखत, चिमटीत धरून दाबले आणि छाती भरून श्वास ओढला. श्वास आला नाही. त्याने आणखी जोर केला. त्याचे डोळे तारवटले, कानशिले लाल झाली, तरी तो नाक सोडीना. जणू थोडा वेळ अधिक दाबले तर जग दया येऊन स्वप्न होईल!

सिद्रामप्पाने आपला उजवा हात वर करून सर्वांना दाखवला. करंगळीच्या कडेला ते लहानसे बोट होते.

"जन्मापासनं हाय," तो म्हणाला. "कापून टाका म्हणून लई जणांनी सांगितलं. कशाला ठिवलं व्हतं, ते आज कळलं."

"पावणं, मला वाटलं..." महालिंगाने नाक सोडले. "मला वाटलं सपान हाय."

"म्हणजे स्वप्न असतं तर चाललं असतं?" नीलेने विचारले. "तिथंही तुम्हीच बोलत होता की, अण्णा."

एवढ्यात शैलजा पुढे आली. तिने पडलेले उपरणे उचलून झटकले आणि नवऱ्याच्या जागेवर बसली.

"जरा सरका," ती त्याला म्हणाली, आणि सिद्रामप्पाला म्हणाली, "दादा, हात द्या."

उपरण्याखाली तिथी ठरली. कोणत्याही दलालाचा सौदा त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखणारा महालिंग डोळे फाडून पाहत होता; परंतु त्याला काही उमगले नाही. बायकोचा खांदा त्याने आजवर कधी निरखलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी शैलजा मुलीबरोबर तालुक्याच्या गावी निघून गेली. तिथी त्याला कोणी सांगितली नाही. त्याने विचारून पाहिले. तेव्हा, ज्यांना बोलवायचे त्यांनाच ती कळते, हा त्याच्याच घराचा रिवाज लोकांनी त्याला ऐकवला. आता तो बाजारात येतो, बैलाजवळ उभा राहतो, आणि सनईचा सूर कोठून आला की लगेच नाक दाबतो.

"अण्णा," बापू खांडेकर विचारतो, "काय ठरलं?"

"जागा हाय," महालिंग म्हणतो, आणि आजूबाजूचे शेंबडे मनसोक्त हसतात.

परंतु एके दिवशी नाक दाबले असता श्वास सरळ आत गेला. थंड, मोकळा, गोड श्वास! महालिंगाने ओळखले की हे स्वप्न आहे. या खेपेस त्याने कोणालाही शिवी दिली नाही. त्याने सोप्यावर जाजम अंथरले, सिद्रामप्पाला बोलावले, आदराने बसवले, उपरणे पसरले आणि हात खाली घालून म्हणाला, "पावणं, चुकलो. तेवढी तिथी सांगा."

सहा बोटे त्याच्या हातात आली. ती हलेनात. लोण्याच्या गोळ्यासारखी ती मऊ आणि मुकी पडून राहिली. स्वप्नातील माणसाला स्वप्न पाहणाऱ्याहून अधिक काय ठाऊक असणार? राजाला जे माहीत नाही ते त्याच्या राज्यात कोणालाच माहीत नसते.

"नीले, तू तरी सांग," तो दाराकडे वळून काकुळतीने म्हणाला.

दारात नीला उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, सांगण्यासाठी तोंड उघडले, आणि ती मेंढीसारखी ओरडली.

त्याने आज्ञा केलीच नव्हती. पण तेथे आता आज्ञेची गरज उरली नव्हती.

कथा येथे पुरी झाली. माझे शिक्षण बेताचे असून यातील शास्त्र मी जाणत्यांना विचारून, माझ्या समजुतीप्रमाणे मांडले आहे. उणे राहिले असल्यास ते माझे. येथवर ज्यांनी वाचले त्या सर्व वाचकांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. ज्यांचा हात वाचता वाचता नाकाकडे गेला असेल त्यांचेही मानतो, फक्त थोडे कमी.

आपला नम्र,
हणमंत ज्ञानू कोळेकर